लांबूनच नमस्कार

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी अक्का असंच उत्तर देतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. कानडी मुलखात, बनशंकरीत, त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिलो, एवढाच आमचा संबंध. गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्या मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या आणि मी तिशीच्या आतला, पण आमचं नातं हेच ठरलं.

माझं गाव सोलापूर जिल्ह्यात. वडील बाजारात बसून चपला शिवायचे. तालुक्याच्या शाळेत शिकून मी डिप्लोमा केला आणि आनेकलच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी धरली. खोली शोधताना मराठी बोलणारं घर म्हणून अक्कांचा पत्ता मिळाला. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आपल्याकडून इकडे आलेले. त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कानडी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी खरं ते सांगितलं आणि पिशवी खाली न ठेवता उभा राहिलो. खोली मिळणार नाही हे कळायला एरवी तेवढंच पुरायचं.

अक्का म्हणाल्या, "पाय धुऊन आत ये. स्वल्प सार उरलंय, गरम करते."

आत म्हणजे स्वयंपाकघरात. त्यांचे देवही तिथंच, एका कोपऱ्यात. तशा घराच्या स्वयंपाकघरात मी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी देवांपासून हातभर अंतरावर मला पाट दिला आणि ताटात भात वाढला.

पुढं संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालून मी पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली. परीक्षेच्या दिवसांत अक्का खालचा टीव्ही बंद ठेवायला लावायच्या आणि कॉलेजहून येईपर्यंत माझं ताट झाकून ठेवायच्या. निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन आधी त्यांच्याकडेच गेलो.

त्याच काळात माझे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. सुट्टी मिळाली की मी गावी जायचो. एकदा जेवताना अक्कांनी विचारलं, "चादरी कोण धुतं रे त्यांच्या?"

"मी असलो की मी. नाहीतर आई."

"किळस येत नाही?"

"वास येतो. पण बाबाच आहेत ना."

त्यांनी मला आणखी भात वाढला. जेवताना असलं बोलत नाहीत, हे मला नंतर सुचलं.

लग्न झाल्यावर मी आनेकलला बिऱ्हाड केलं. तरी रविवारी बनशंकरीला जाणं चुकायचं नाही. आणि मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी नेहमीसारखा आत शिरलो, तर अक्का स्वयंपाकघरात नव्हत्या. मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाजवळ, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"लांबूनच कर, तम्मा. जवळ नको येऊ."

मला वाटलं, सर्दीबिर्दी असेल. पण पुढच्या वेळीही तेच. त्यांचं फुलपात्र वेगळं, चटई वेगळी, धुणं वेगळ्या दोरीवर. माझं ताट आता वहिनी, म्हणजे त्यांची सून, बाहेरच्या खोलीत आणून द्यायच्या. अक्कांचा मुलगा, ज्यांना मी अण्णा म्हणतो, हसत म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. आई आता फार मडी पाळते. वय झालं की हे वाढतंच."

मडी म्हणजे सोवळं. मी लहान असताना आमच्या गावात आईला वाण्याच्या दुकानाच्या पायरीखाली उभं राहून तेल घेताना पाहिलंय. ते सगळं मी मागं टाकलं, आणि ते टाकायला मला याच बाईनं बळ दिलं, असं मी मानत होतो. तीच बाई आता मला लांबूनच म्हणत होती. परतीच्या बसमध्ये मला वाटेतलं जिगणी कधी आलं ते कळलं नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारपणी माणसं मूळ पदावर येतात. आपण कशाला जायचं?" माझं जाणं कमी झालं. बंद मात्र झालं नाही. दर वेळी मी अंगणातूनच हात जोडायचो आणि त्या खुर्चीतून मान हलवायच्या. त्या वाळत चालल्या होत्या. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. देवळात जाणं त्यांनी सोडलं होतं, लग्नामुंजींनाही जात नव्हत्या.

यंदा माझ्या बायकोला दिवस गेले. अक्का पूर्वी नेहमी म्हणायच्या, "तुझं पोर पहिल्यांदा माझ्या मांडीवर." डोहाळजेवणाला आम्ही त्यांना बोलावलं. त्या आल्या नाहीत. बायको तापट आहे. तिनं मला न विचारता त्यांना फोन लावला. "अक्का, आमचं काही चुकलंय का? तसं असेल तर तोंडावर सांगा." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

आठवडाभरानं अक्कांचा मला फोन आला. "गुरुवारी रजा काढशील? मला शहराच्या पलीकडं, शिवाजीनगरला दवाखान्यात जायचंय. घरी म्हण, डोळे दाखवायला."

"इतक्या लांब कशाला अक्का? बनशंकरीत दवाखाने आहेत की."

"इथं बाकावर कोणी ना कोणी ओळखीचं बसलेलं असतं. येतोस का नाही, तेवढं सांग."

गुरुवारी मी रिक्षा घेऊन गेलो. अक्कांनी रिक्षात बसण्याआधी पिशवीतून प्लॅस्टिकचा कागद काढून सीटवर पसरला. त्यावर जुन्या लुगड्याची घडी ठेवली आणि मग बसल्या. चार लोक बसतात त्या जागेचासुद्धा विटाळ, असं माझ्या मनात आलं आणि मी ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलो. साउथ एंडच्या चौकाआधीच त्यांनी रिक्षा थांबवली आणि एका हॉटेलात शिरल्या. लालबाग ही बाग ओलांडल्यावर पुन्हा. दोन्ही वेळी मागचा दरवाजा कुठल्या बाजूला आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "अज्जीला हॉटेलं फार आवडतात वाटतं, सर."

मी हसलो नाही. त्यांचं पोट बिघडलं असेल असं मला वाटत होतं. बरोबरच्या बाटलीतलं पाणी मी पुढं केलं.

"बेड," म्हणजे नको, असं म्हणून त्यांनी बाटली परत केली.

डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. मी दारातच थांबलो होतो, तेव्हा अक्का कानडीत म्हणाल्या, "हा माझा तम्मा. याला बसू दे. तुम्ही सांगाल त्यातलं निम्मं मी विसरेन." डॉक्टरांनी मला स्टूल दाखवलं. अक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

लघवी थांबत नाही. आधी खोकलं, शिंकलं की थेंब जायचे. मग नळाचा आवाज आला की जायची घाई व्हायची आणि संडासापर्यंत पोचेपर्यंत लुगडं ओलं. दोन वर्षं झाली. एकदा धावताना पडवीत पाय घसरून पडल्याही होत्या.

"घरी कोणाला सांगितलंत, अज्जी?"

"नाही."

"का बरं?"

"काय सांगायचं?" अक्का म्हणाल्या. "मी दिवसभर मैलिगेत असते. स्वयंपाकघरात कशी जाऊ? देवाला कशी शिवू? कोणाला माझा ओला पदर लागला तर? म्हणून वेगळी बसते. घरच्यांना वाटतं मडी पाळते. वाटू दे म्हटलं. तेवढी अब्रू तरी राहते."

मैलिगे म्हणजे ओवळं, विटाळ. आमच्या वाट्याचं म्हणून मी जे ओळखत होतो, ते दोन वर्षं त्यांनी स्वतःवर ओढून घेतलं होतं. वेगळं फुलपात्र, वेगळी चटई, घराच्या मागची जागा, लांबूनच नमस्कार. हा सगळा संसार मी चांगला ओळखतो. तो कोणासाठी मांडतात हेही ओळखतो. आणि ही बाई, मला देवांशेजारी पाट देणारी, त्यात स्वतःच जाऊन बसली होती. कोणी ढकललं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

"सकाळ-संध्याकाळ गोळीबरोबर घोटभर. बाहेर जायचं असलं की तेही नाही."

"आणि कॉफी?"

"ती पिते," अक्का म्हणाल्या. "तेवढं एक सुख आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अज्जी, हे या वयात पुष्कळ जणींना होतं. पण वय झालं म्हणून सोसत बसायचं, असं काही नाही. यावर उपाय आहेत."

"ऑपरेशन करून घेणार नाही मी."

"ऑपरेशनचं नाव कोणी काढलं?"

तपासायच्या वेळी मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. परत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी मला एकेक सांगितलं. लघवी तपासून घ्यायची, आत जंतू असले तर आधी त्याचं औषध. पाणी तोडल्यानं लघवी दाट होते आणि घाई उलट वाढते, म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, झोपण्याआधी मात्र कमी. कॉफी कमी करायची. पोट साफ राहिलं पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्यांतली एक लघवी वाढवणारी होती, त्या ती संध्याकाळी घेत होत्या. ती डॉक्टरांनी सकाळवर आणली. आणि खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम. तो शिकवायला शेजारच्या खोलीत एक तरुण मुलगी होती.

त्या मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार वेगळी वाटली. घाई झाली की धावायचं नाही. आहे तिथं उभं राहायचं, नाहीतर बसायचं, स्नायू आवळून सोडायचे, पुन्हा आवळायचे. घाईची लाट ओसरते. मग सावकाश चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. "काही महिने लागतील, अज्जी. कंटाळायचं नाही. आणि श्वास कोंडायचा नाही."

"आवळून धरायचं, तेव्हा मोजायचं किती?"

"सुरुवातीला जमेल तेवढं. मग दहापर्यंत."

परतीच्या रिक्षात मी मागं, त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी सरकून अंतर ठेवलं. कॉर्पोरेशनच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "तू येईनासा झालास. राग आला होता ना?"

मी त्यांना खरं काय वाटलं होतं ते सांगितलं. पायरीखाली उभ्या असलेल्या आईपासून सगळं. सांगताना मी रस्त्याकडं बघत होतो. सिग्नल सुटला, रिक्षा पुढं गेली. मी वळून पाहिलं तर त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला होता.

"तुला असं वाटलं?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं?"

"हो."

"आणि तरी येत होतास?"

"कमी येत होतो."

"दुसरी काही रीतच ठाऊक नव्हती रे मला," त्या म्हणाल्या. "माणूस ओवळं झालं की लांब बसतं, एवढंच लहानपणापासून पाहिलं. मी लांब बसले. समोरचा काय समजेल, हे डोक्यातच आलं नाही."

मग स्वतःशीच म्हणाल्या, "बाळानं मांडी ओली केली की सगळे हसतात."

मी विचारलं, आमच्या घरी सांगू का? त्या म्हणाल्या, "तिला सांग. तिनं तोंडावर विचारलं. माझ्या घरात कोणी तेवढंही विचारलं नाही."

बायकोनं ऐकून घेतलं. तिच्या मनात काय होतं ते दुसऱ्या दिवशी मला कळलं. तिनं अक्कांना फोन करून सांगितलं, "मलाही शिंक आली की तसंच होतं, अक्का. सहाव्या महिन्यापासून." पलीकडून अक्कांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. "तुला? या वयात?"

आमच्या आनेकलच्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला तोच व्यायाम सांगितलेला होता. आळसामुळं ती करत नव्हती. मग दोघी फोनवर करायला लागल्या. अक्कांना आधी जपमाळेवर मोजायचं होतं, पण असल्या कामात देवाचं नाव घ्यायचं की नाही याचा निर्णय होईना. शेवटी त्यांनी लहानपणचे पाढे काढले. एक ओळ आवळून, एक ओळ सोडून. बे एके बे, बे दुणे चार. इकडून माझी बायको, तिकडून पडवीतून अक्का. बायकोला सतराचा येत नव्हता. "पदवीधराची बायको आणि सतराला अडते," असं त्या ऐकवायच्या.

अण्णांचा मला फोन आला. "आई पडवीत बसून पाढे म्हणते हो. डोक्याच्या डॉक्टरला दाखवू का?" मी म्हटलं, "अक्कांनाच विचारा." त्यांनी विचारलं की नाही माहीत नाही. पण त्याच आठवड्यात अक्कांनी फक्त सुनेला पडवीत बोलावून सगळं सांगितलं. ते मला वहिनींनीच नंतर सांगितलं. सासूबाईंना त्या अत्ते म्हणतात. त्या म्हणाल्या, "मी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, अत्ते, मला वाटत होतं तुम्हाला माझ्या हातचं नको झालंय. मी ऑफिसला जाते, चार ठिकाणचं खाते, म्हणून तुम्ही मला टाळता." म्हणजे त्या घरात प्रत्येकाला वाटत होतं की ज्याला लांब ठेवलंय तो आपणच.

फरक लगेच पडला नाही. महिनाभर तर अक्का म्हणायच्या की हे सगळं थोतांड आहे, नुसती कॉफी गेली. पाणी वाढवल्यावर पहिले काही दिवस त्यांना वाईटच गेले आणि त्यांनी फुलपात्र पालथं घातलं होतं. वहिनींनी दिवसभर वापरायचे पॅड आणले, तेव्हा त्या रुसल्या. मग हळूहळू, नळ सुटला तरी त्या दाराला धरून उभ्या राहू लागल्या. ओठांना ओल आली. अजून पूर्ण थांबलेलं नाही. जोराचा खोकला आला की जातंच, आणि कदाचित तेवढं राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. पण पडवीतली खुर्ची एका रविवारी मला स्वयंपाकघराच्या दारात दिसली. उंबऱ्याच्या बाहेर. आत अजून नाही.

आम्हाला मुलगी झाली. बारसं आनेकलच्या घरीच ठेवलं. बनशंकरीहून आनेकल म्हणजे वाहतूक असली की दीड तास सहज. अक्का फोनवर म्हणाल्या, "मी इथूनच आशीर्वाद देते. एवढ्या वाटेत माझं काही खरं नाही." मी आग्रह केला तर अण्णा शेजारी असल्यामुळं त्यांनी विषय बदलला. त्यांच्या घरात फोन स्पीकरवर असतो. म्हणून मी पत्र लिहिलं. घरचे सगळे मराठी बोलतात, पण वाचतात कानडी आणि इंग्रजी. देवनागरी फक्त अक्कांना येते, पोथ्यांमुळं.

पत्राला उत्तर आलं नाही. बारशाच्या दिवशी दारात गाडी थांबली. आधी अण्णा उतरले, मग वहिनी, मग अक्का. त्यांनी आल्या आल्या पहिलं विचारलं, "बाथरूम कुठंय?" आणि न धावता आत गेल्या. बाहेर आल्यावर हात धुतले, पाळण्यापाशी खाली बसल्या आणि मांडी घालून म्हणाल्या, "दे."

मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं.

अक्कांना सा. न.

पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय, चष्मा लागणार नाही.

परवा कारखान्यातून सुटल्यावर मी तुमच्या घरापासून आमच्या घरापर्यंत स्कूटरवरून सावकाश आलो. बन्नेरघट्टा रस्त्याला लागल्यावर डाव्या हाताला एक पेट्रोल पंप आहे, तिथलं बायकांचं संडास स्वच्छ आहे, पाणी आहे. किल्ली कार्यालयात मागावी लागते. जिगणीच्या अलीकडं एक उडपी हॉटेल आहे. तिथल्या मालकिणीला मी सांगून ठेवलंय की रविवारी माझी थोरली बहीण येणार आहे. आनेकलच्या वेशीवर दवाखाना आहे, तो रविवारीही उघडा असतो. मधे कुठंही लागलं तरी गाडी थांबेल. अण्णांना मी फक्त एवढंच सांगितलंय की अक्का म्हणतील तिथं थांबवा, का ते विचारू नका.

पाणी न पिता येऊ नका. तसं आलात तर मला ओठांवरून कळेल.

सीटवर घालायला काही आणू नका. आणि वाटेत लुगडं ओलं झालंच, तर आमच्या दोरीवर सध्या दुपट्यांशिवाय काही नसतं. त्यात एक लुगडं कोणाच्या डोळ्यावर येणार नाही. बायकोनं तुमच्यासाठी एक नवं आणून ठेवलंय, हिरवं.

बाळ दिवसातून किती वेळा ओलं करतं याचा हिशोब नाही. कोणी तिला लांब ठेवत नाही.

तुम्ही मला पहिल्या दिवशी पाट कुठं दिला होता ते मी विसरलेलो नाही. आमच्याकडं देव एका फळीवर आहेत, स्वयंपाकघरातच. तुमचा पाट मी तिथं मांडलाय. आत येऊन बसायचं. मी पाया पडणार आहे, आणि लांबून नाही.

बायको म्हणते, सतराचा पाठ झालाय, येऊन ऐका.

तुमचा,
तम्मा